नोराची कडी

ते प्लॅस्टिकचे दात आधी काढ, कबीर. समोर वेताळ बसलेला असला की मला गोष्ट सुचत नाही. मायरा, चॉकलेटं वाटून झाली असतील तर ती बादली खाली ठेव. आणि सान्वी, मोठा दिवा घालव. कोपऱ्यातला राहू दे, मला चष्मा सापडायला लागतो.

दारोदार फिरून आलात, हॅलोविनचे भोपळे बघितलेत, कापसाची जाळी बघितलीत. आता खरी ऐका. ही गावाकडच्या पिंपळावरची नाही, इथली आहे, वेम्बलीतली. आपण दर वर्षी दिवाळीचा कार्यक्रम करतो ना, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये, तिथली. हो गं मायरा, जिथे तू नाचता नाचता स्टेजवरून पडली होतीस तोच हॉल.

आणि मध्यरात्रीची वगैरेही नाही. या देशात भुतांची चैन आहे. हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे केली की साडेचारलाच काळोख, बिचाऱ्यांना ताटकळत बसावं लागत नाही. तारीख सांगतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की आजोबा फेकतात. गेल्या वर्षीची भाऊबीज. तीन नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळचे पाच.

आसावरी तुम्हाला माहीत आहे. पलीकडच्या गल्लीतली, व्हायोलिनवाली. पुण्यात शिकली, त्यामुळे मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं पावलावर टेकवून वाजवते. पोटासाठी काम मात्र कानाचं. क्लिनिकमध्ये म्हाताऱ्यांचे कान तपासते आणि कानाची मशिनं बसवते. माझंही तिनेच बसवलंय, म्हणून तर तुम्ही किचनमध्ये माझ्याबद्दल काय बोलता ते मला ऐकू येतं.

तर त्या संध्याकाळी ती माझ्याकडे हॉलची चावी मागायला आली. आदल्या दिवशी, शनिवारी, आपला दिवाळीचा कार्यक्रम झाला होता. शेवटी नेहमीची पळापळ. पातेली कुणाच्या गाडीत, झोपलेली पोरं कुणाच्या गाडीत, आणि तिच्या गाडीत व्हायोलिनला जागाच उरली नाही. मी म्हटलं, राहू दे, कपाटात ठेवतो, उद्या ने. पेटी उघडीच होती. मीच झाकण लावलं. नवी पेटी, आत काळी मखमल, बाकी काही नाही. हे लक्षात ठेवा.

"काका, चावी द्या ना जरा," ती दारातच म्हणाली. "आत नाही येत. सात वाजता समर येणार आहे, ओवाळायचंय. अजून निरांजनंही घासली नाहीत."

समरचं नाव घेताना तिचा आवाज कोरडा झाला. तुमच्या अरुणाआजीने माझ्याकडे बघितलं. चावी दिली. चकल्यांचा डबा दिला. ती गेली.

आता हा समर कोण, ते सांगायला हवं. पण त्याच्या आधी डीनी.

डीनी फॉली म्हणून एक आयरिश म्हातारा होता. तरुणपणी इथे रस्ते खणायला आला आणि इथलाच झाला. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी त्याच हॉलमध्ये त्यांचा सेट डान्स असायचा. म्हणजे कसं, की चौकोनाच्या चार बाजूंना चार जोड्या उभ्या राहायच्या, एकूण आठ माणसं. नाच तुकड्यातुकड्यांनी चालतो. एक तुकडा संपला की वाजवणारा थांबतो, माणसं जागच्या जागी उभी राहून दम खातात, मग पुढचा. तबला नाही, ढोलकी नाही. बूट लाकडावर आपटतात तोच ताल. आणि वाजवणारा एकटा डीनी, स्टेजखाली कोपऱ्यातल्या खुर्चीत, फिडल घेऊन. फिडल म्हणजे व्हायोलिनच रे, नाव वेगळं.

त्याला ऐकू येईनासं झालं म्हणून तो आसावरीच्या क्लिनिकमध्ये आला. माणसांचं बोलणं ऐकू येत नाही याचं त्याला काही नव्हतं. म्हणाला, "बायका काय बोलतात ते मी चाळीस वर्षं ऐकलेलं नाही. मला फिडलची बारीक तार ऐकू आली पाहिजे." तिने मशीन त्या हिशेबाने लावून दिलं. तारेसाठी. त्याने तिथेच विचारलं, तुला कसं कळतं यातलं? ती म्हणाली, मी वाजवते. झालं. पुढच्या पहिल्या शुक्रवारी ही बाई स्टेजच्या कडेला मांडी घालून बसलेली, आणि आठ आयरिश म्हातारे तिच्याकडे बघताहेत. डीनी म्हणाला, "बसू दे तिला कशी बसते तशी. नाचणाऱ्या पायांना काय करायचंय?"

चार वर्षं ती जात होती. चाली शिकली त्याच्याकडून, सगळ्या कानाने. कागद नाही, काही नाही. तो वाजवायचा, ही वाजवायची.

आणि एक गंमत. त्या मशीनची बॅटरी असते बटणाएवढी, तिच्यावर केशरी स्टिकर असतं. स्टिकर सोललं की बॅटरी सुरू होते. माझ्यासारखे लोक ते कॅलेंडरवर लावतात, म्हणजे कधी बदलली ते समजतं. डीनी ते फिडलच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवायचा. सगळं झाकण केशरी ठिपक्यांनी भरलेलं. आणि कुणाचं मनापासून ऐकायचं असेल तर तो नवी बॅटरी घालायचा. जुनी चालू असली तरी. आसावरीने पहिल्यांदा एकटीने वाजवलं तेव्हा त्याने सगळ्यांना थांबवलं, खिशातून बॅटरी काढली, स्टिकर सोललं, झाकणाला लावलं, अंगठ्याने दाबलं. मग म्हणाला, "हं, आता."

त्याच्या हॉलमध्ये एक रीत होती. चाल वाजवण्याआधी ती कुणाकडून मिळाली त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं. ही मला अमक्याने दिली, त्याला तमक्याने. सगळ्यांना ऐकू गेलं पाहिजे. आसावरी म्हणाली, आमच्याकडेही आहे, आम्ही गुरूचं नाव घेताना कानाची पाळी धरतो. डीनी म्हणाला, "धर बापडी. पण नाव गिळू नकोस."

शेवटच्या तुकड्याला तो नेहमी एकच चाल वाजवायचा. त्याच्या आईची. नोरा तिचं नाव. तिच्या घराला अर्धं दार होतं, त्याची कडी वाजायची तसा त्या चालीत एक खटका आहे, म्हणून नाव नोराची कडी. ती आईने लेकाला दिली आणि दुसऱ्या कुणालाच येत नव्हती. आईचा फोटो नाही, थडग्यावरचं नाव पुसलेलं. डीनीपाशी आई म्हणून काय उरलं होतं, तर तेवढी चाल. ती त्याने आसावरीला दिली. त्याची स्वतःची मुलगी वाजवत नव्हती. म्हणाला, "तुला कुणाला द्यावीशी वाटली तर दे. नाव घेऊन दे. नावाशिवाय दिलीस तर माझी आई रस्त्यावर आली असं समज."

हं. आता समर.

समर आसावरीचा धाकटा भाऊ. आई गेल्यावर हिनेच वाढवला, हिनेच इकडे आणला, हिच्याच घरात दोन वर्षं राहिला. कीबोर्ड वाजवतो, बँड आहे त्याचा. एकदा भाऊबीजेला म्हणाला, "ताई, ती आयरिश ट्यून शिकव ना, प्लीज, मला फक्त घरी वाजवायचीय." हिने शिकवली. भाऊच तो. नाव सांगितलं, रीत सांगितली, दोन वेळा म्हणून घेतली त्याच्याकडून. डीनी फॉलीकडून, त्याला त्याच्या आईकडून, नोराकडून.

आणि पुढच्या दिवाळीत त्या पोराने मोठ्या स्टेजवर ती वाजवली. 'थेम्स मल्हार' नाव दिलं. खाली लिहिलं, संगीत समर. व्हिडिओ मी पाहिलाय. वाजवण्याआधी डोळे मिटतो आणि कानाची पाळी धरतो. लोक भारावून टाळ्या वाजवताहेत, किती संस्कारी मुलगा म्हणून. कानाला हात लावला आणि नाव मात्र गिळलं. मला आजही त्या व्हिडिओची चीड येते. परक्याने चोरी केली तर माणूस कुलूप घेतो. कुंपणानेच शेत खाल्लं तर काय करायचं?

व्हिडिओ फिरत फिरत त्या नाचणाऱ्या मंडळींपर्यंत गेला. कुणीतरी डीनीच्या कानाशी फोन धरला.

डिसेंबरच्या पहिल्या शुक्रवारी आसावरी हॉलमध्ये गेली. तिला अजून काहीच माहीत नव्हतं. शेवटचा तुकडा चालू होता, नोराची कडी. डीनीने तिला दारात पाहिलं आणि वाजवता वाजवता थांबला. मधेच, खटक्याच्या जागी. आठ माणसं पाय उचललेली तशीच उभी. त्याने आधी एका कानातलं मशीन काढलं, मग दुसऱ्यातलं. हाताने काढताना ते शिट्टी मारतं, बारीक, तुम्ही माझं ऐकलंय. दोन्ही वेस्टकोटच्या खिशात टाकली. ही समोर उभी राहून सांगतेय, डीनी, काय झालं, डीनी, मी नाही, मला माहीत नव्हतं. तो तिच्याकडे बघतोय. आणि खिशातून शिट्टी येतेय...

एक शब्द ऐकला नाही त्याने तिचा.

फेब्रुवारीत तो गेला. त्याच वेस्टकोटात पुरला त्याला. ती मशिनं सरकारी असतात, परत करायची असतात. क्लिनिकमधून फोन गेला तेव्हा त्याची मुलगी म्हणाली, सॉरी, खिशातच राहिली. मग ती फिडल आणि पेटी घेऊन आयर्लंडला निघून गेली. इथला सेट डान्स बंद पडला.

आसावरीने समरला विचारलं होतं की नाही? विचारलं ना, सान्वी. तर म्हणाला, "ताई, चिल, ट्रॅडिशनल आहे ते, नो वन ओन्स इट." बस. मग ती त्याच्याशी बोलायची, पण जेवलास का, मफलर घाल, एवढंच. तिच्या भावाने केसाने गळा कापला आणि डीनी मेला तो असं समजून, की आसावरीने त्याचा कापला. हे तिला सहन होत नव्हतं. अरुणाआजीपाशी एकदाच रडली. म्हणाली, "तो मला चोर समजून गेला, काकू. मी आता हे कुणाला सांगू?"

असो. तर भाऊबीज. पाच वाजलेले. आसावरी हॉलवर पोचली.

दार उघडलं. त्या हॉलचे दिवे तुम्हाला माहीत आहेत. बटणं नाहीत, सेन्सर. माणूस हलला की त्याच्या डोक्यावरचा दिवा लागतो, हलायचं थांबला की थोड्या वेळाने जातो. कार्यक्रमात शास्त्रीय गाणं चालू असलं की प्रेक्षकांना मधून मधून हात हलवावे लागतात, ते हेच. ती आत शिरली, दारावरचा दिवा लागला. चालत गेली, पुढचा लागला. हॉलला अजून भज्यांचा वास होता. कपाट उघडलं. व्हायोलिन घेतलं. चकल्यांचा डबा खुर्चीवर ठेवला आणि फोनवर मेसेज बघत उभी राहिली. समरचा मेसेज. निघालोय, भूक लागलीय.

ती हलत नव्हती. तिच्या डोक्यावरचा दिवा गेला.

तिने वर बघितलं. आणि मग समोर.

हॉलच्या मधला दिवा चालू होता.

ती तिथे गेली नव्हती. कपाट भिंतीशी आहे. मधे कुणीच नव्हतं. नुसती लाकडी जमीन, चकचकीत. दिवा जाईना. म्हणजे त्याच्याखाली काहीतरी हलत होतं.

मांजर असेल असं वाटलं तिला. मग आवाज आला.

बूट. हळू. एक जोडी... मग दुसरी. जागेवर येऊन उभं राहावं तसे. समोरासमोर. मग डावीकडे, उजवीकडे. चार बाजू.

मग शांत.

कबीर, मधे बोलू नकोस. माहीत आहे मला सेन्सर बिघडतात ते.

ती म्हणते, काका, मला पळता आलं असतं. दार लांब नव्हतं. पण मला कळलं की ते वाट बघताहेत. नाच सुरू व्हायच्या आधी असंच उभं राहायचे ते. तेवढाच वेळ. तोच श्वास.

आणि नाच सुरू झाला. संगीत नाही. नुसते पाय. लाकडावर ठाण ठाण ठाण. शेवटचा तुकडा, तिने पायांवरून ओळखला. आठ जणांचे पाय येताहेत, फिरताहेत, ओलांडताहेत... आणि खटक्याच्या जागी थांबले.

एकदम. एक पाय उचललेला असावा तसे.

परत पहिल्यापासून. परत तिथेच थांबले. परत.

तिला समजलं. डिसेंबरमध्ये तो तुकडा पुरा झालाच नव्हता.

तिने पेटी उघडली. स्टेजच्या कडेला मांडी घालून बसली, जिथे नेहमी बसायची. खाली कोपऱ्यात डीनीची खुर्ची. रिकामी. तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं तिने. डोळे मिटले, कानाची पाळी धरली आणि गज लावला.

पाय तिच्या वाजवण्यावर आले. सुरुवातीला बरोबर. मग जोरात. खटका आला... आणि गेला, पाय थांबले नाहीत. तिला वाटलं, सुटले. चाल संपली. तिने गज उचलला.

पाय संपले नाहीत.

पहिल्यापासून परत. ती परत वाजवू लागली. संपली चाल. पाय परत सुरू. आता अजून जोरात. जमीन हलत होती. स्टेज हलत होतं. तिने डोळे उघडले. दिवे सगळे लागले होते. सगळ्या हॉलचे. आणि आवाज मधून येत नव्हता... तिच्या समोरून येत होता. जवळून. आठही जण तिच्यासमोर येऊन नाचत होते. दिसत कुणी नव्हतं. वारा लागत होता तोंडाला, कपड्यांचा.

हात भरून आला. थांबावं तर पाय थांबत नाहीत. वाजवावं तर संपत नाही.

आणि तिच्या डोळ्यांसमोर समर आला. व्हिडिओतला. डोळे मिटलेला. कान धरलेला.

तिनेही तेच केलं होतं. आत्ता. कान धरला होता आणि नाव घेतलं नव्हतं. घेतलं असेल तर मनातल्या मनात. तिथली रीत नाव मोठ्याने घ्यायची.

तिने गज खाली ठेवला. पाय नाकाशी येऊन आपटत होते. ती ओरडून म्हणाली, इंग्रजीत म्हणाली, मी आपल्या भाषेत सांगतो, "ही चाल मला डीनी फॉलीने दिली. त्याला त्याच्या आईने दिली. नोरा फॉली."

पाय थांबले.

सगळे. एका क्षणात.

मग ती कोपऱ्याकडे वळली. खुर्चीकडे. म्हणाली, "मी ती माझ्या भावाला दिली, डीनी. नाव घेऊन दिली. त्याने नाव टाकलं. मला माहीत नव्हतं. पण दिली मीच..."

आणि खुर्चीतून शिट्टी आली.

बारीक. कानाच्या मशीनची. दिवसातून पन्नास वेळा ती तो आवाज ऐकते. एक क्षणभर... आणि बंद.

दिवे गेले. सगळे.

घरी कशी आली तिला आठवत नाही. व्हायोलिन पेटीत टाकलं, झाकण लावलं, चकल्या तिथेच राहिल्या.

घरात समर पाटावर बसला होता. स्वतःच पाट मांडून, टोपी घालून. म्हणाला, "ताई, कुठे होतीस यार? आय ॲम स्टार्विंग. आणि हे बघ, तुला काय आणलंय." भारी हेडफोन्स. बाहेरचं काही ऐकू येत नाही असे.

तिने निरांजन लावलं. ताट हातात घेतलं. त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "समर, मला हेडफोन नकोत. ओवाळणी म्हणून एकच दे. ती चाल कुणाची, ते मोठ्याने सांग. सगळ्यांना. व्हिडिओवर लिही."

तो हसला. मग ती हसत नाही हे त्याला दिसलं. "ताई, कम ऑन. आता सगळीकडे माझं नाव गेलंय. लोक काय म्हणतील? तू माझी बहीण आहेस ना?"

ती म्हणाली, "हो. म्हणूनच मागितलं."

तो फोनकडे बघायला लागला. तिने ताट खाली ठेवलं. न ओवाळता. निरांजन फुंकलं नाही, तसंच जळू दिलं. आई गेल्यापासून पहिली भाऊबीज, जी न ओवाळता झाली. तो टोपी काढून निघून गेला. तो अजून आलेला नाही. यंदाच्या भाऊबीजेलाही नाही आला.

आठ वाजता तिने आमची बेल वाजवली. चावी द्यायला. एका हातात चावी, दुसऱ्या हातात व्हायोलिनची पेटी. घट्ट धरलेली, खाली ठेवेना. अरुणाआजीने तिला बसवलं, पाणी दिलं, मग हे सगळं तिने सांगितलं, आत्ता तुम्हाला सांगितलं तसंच. सांगून झाल्यावर म्हणाली,

"काका, मशीन शिट्टी कधी मारतं माहीत आहे ना तुम्हाला?"

मी म्हटलं, "कानात घालताना."

"आणि काढताना पण."

माझा हात माझ्या कानातल्या मशीनकडे गेला.

"डिसेंबरमध्ये माझ्यासमोर काढलं होतं त्याने. मी बोलायला लागले आणि काढलं. आज पण मी बोलायला लागले आणि..." तिने पेटी अजून जवळ ओढली. "त्याने ऐकायला घातलं, की परत काढून टाकलं, काका? मला एवढंच कळायला हवं. नाहीतर मी कशी झोपू?"

अरुणाआजी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मी म्हटलं, आधी ते व्हायोलिन नीट ठेवू या. गज तसाच आत टाकलाय, केस तुटतील. तिच्या हातून पेटी घेतली. आदल्या दिवशी मीच बंद केलेली, काळ्या मखमलीची, आत काही नसलेली. इथे या टेबलावर ठेवली. याच टेबलावर, मायरा, तुझं कोपर आहे ना तिथे. कड्या उघडल्या. झाकण वर केलं.

झाकणाला आतून, मधोमध, एक केशरी स्टिकर होतं.

अंगठ्याने दाबून लावलेलं. मी बोट लावून बघितलं... त्याची कड अजून चिकट होती.